वाकळीतली कसर

कुठलंही पुस्तक मी सरळ उघडत नाही. आधी ते उपडं धरते, पाठीवर दोन थापट्या मारते आणि पानं फडफडवून बघते. वाचनालयातल्या बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहतात. कुणाच्या घरी जेवायला गेले तर माझा एक डोळा ताटात आणि दुसरा भिंतीच्या कोपऱ्यात. कॅलेंडरच्या मागं काय सरकलं, देवाच्या फोटोखाली काय पळालं, हे बघितल्याशिवाय घास गोड लागत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माहेरी सगळे म्हणायचे. लग्नानंतर ती डोळ्यांनाही लागली. या सगळ्याच्या मुळाशी एक कसर आहे, आणि ती गोष्ट पहिल्यापासून मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

नव्वदीच्या मध्यावर लग्न होऊन मी जयसिंगपूरहून कसबा बावड्यात आले. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. पुढं बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. स्थळ बघायला आलं तेव्हा एवढी एकच अट मी घातली होती आणि नवरा मुलगा "चालंल की" म्हणाला होता. रुखवतात मुली लोकरीचे ससे आणतात, मण्यांची तोरणं आणतात. मी बिस्किटांच्या दोन मोठ्या खोक्यांत पुस्तकं आणि कॉलेजच्या वह्या भरून आणल्या. टेम्पोतून खोकी उतरवताना सासूनं एक उचलून बघितलं आणि परत खाली ठेवलं. "यव्वा! मी म्हटलं भांडी असतील."

सासूला आमच्यात आत्ती म्हणतात. आत्तींचं माहेर पार सीमेकडचं, त्यामुळं चिडल्या की त्यांना कानडी सुचायचं. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की दारात उभं राहून बोलल्या तर गल्लीच्या टोकाची म्हैस मान वर करायची. सासरे जाऊन पाचसहा वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच. घराच्या मागच्या भिंतीला लागून ऊस, पलीकडं कारखान्याचं धुराडं, आणि गळीत सुरू झालं की मळीचा वास थेट आमटीत. मधल्या खोलीत एका लाकडी बाकड्यावर अंथरुणांची चवड असायची. त्या बाकड्याशेजारीच माझी दोन खोकी ठेवली गेली, कारण दुसरीकडं जागाच नव्हती.

त्या चवडीत सगळ्यांत खाली एक वाकळ होती. बाकीचा महाराष्ट्र जिला गोधडी म्हणतो तीच, पण आमच्याकडची जाडजूड, चार थरांची. नवरात्राच्या आधी बावड्यातल्या सगळ्या बायका घरातल्या वाकळा पंचगंगेवर नेऊन धुतात, तशा आत्तीही नेत. ही एक वाकळ तेवढी कधी नदीवर जायची नाही. तिच्या वरच्या अंगाला आत्तींच्या आईची इरकल साडी होती आणि आत, मधल्या थरात, सासऱ्यांचं धोतर. धुतली तर त्यांचा वास जाईल, असं आत्ती काही बोलून दाखवायच्या नाहीत. "जुनी हाय, फाटंल," एवढंच म्हणायच्या. वर्षातून एकदा ती उन्हात पडायची आणि परत चवडीच्या तळाशी जायची. आत्तींना कडक कापडाचा भारी नाद. भाताच्या पेजेची खळ दिल्याशिवाय त्या नेसूचं लुगडंसुद्धा दोरीवर टाकत नसत. वाकळीला लावलेली इरकलही त्यांनी खळ देऊनच शिवली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्राच्या धुण्याला भानगड झाली. आत्तींनी पेटीतनं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि ते उलगडताच त्यांचा चेहरा पडला. पदराजवळ वेडीवाकडी विरलेली ठिगळं, मधेच भोकं. घडीतून एक बोटाच्या पेरापेक्षा लहान, चकचकीत, निमुळता किडा सळसळत निघाला आणि बाकड्याखाली गेला.

"कसर!" आत्ती ओरडल्या. मग माझ्याकडं वळल्या. "चाळीस वर्सं झाली ह्या घराला. कदी बगितलीबी न्हाई. तुज्या पुस्तकातनं आलीया."

मी नवी होते, पण तोंड जुनंच होतं. म्हटलं, "आत्ती, कसर ओलीत असते. तुमच्या भिंतीला ओल आहे. माझी पुस्तकं येऊन चार महिने झालेत."

"व्हय, आन कसर बी तवाच आली."

"पुराव्याशिवाय कसं म्हणता?"

"पुरावा? लुगडं खाल्लंया, आनि काय पायजे? उद्या रद्दीवाल्याला घाल जा ती खोकी."

नवऱ्यानं पेपर तोंडासमोर धरला. मी त्याला म्हटलं, "अहो, बोला की काहीतरी." पेपराच्या मागून आवाज आला, "घट बसायला आठ दिवस हायत. तवर ठरवा तुमी दोघी." त्याचा न्यायनिवाडा नेहमी असाच असायचा. पण आठ दिवस मिळाले. खोकी गेली तर पुस्तकं जातील, आणि पुस्तकं गेली तर बी.एड. कुठल्या तोंडानं मागायचं? मला रडू यायच्या ऐवजी अंगात काहीतरी वळवळायला लागलं. मी त्या दिवशी जेवतानाही बसले नाही, उभ्यानंच भाकरी खाल्ली.

पुढचे सहा दिवस मी घरात अशी फिरले जशी पिसाळलेली मांजर. हातात बॅटरी, कमरेला खोचलेल्या रिकाम्या काडेपेट्या. भांड्यांची फळी ओढ, पेटी हलव, देवघरातला पाट उचल. आत्ती मागनं बघायच्या आणि कानडीत काहीतरी म्हणायच्या. पहिल्या दोन दिवसांत कळलं, की या घरात कसरीखेरीजही पुष्कळ कुटुंबं सुखानं नांदतात. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी चिकटलेली असते ना, जिच्या दोन्ही टोकांतून अळी डोकं काढते, तिलाही आत्ती आता कसरच म्हणायला लागल्या. मी ती चिमटीत धरून दाखवली. "ही कसर नव्हे आत्ती. ही एका पतंगाची अळी. जाळी, केस, लोकर असलं खाते. लुगड्याला हात लावत नाही." ओलसर कॅलेंडरच्या पाठीवर पिठासारखे बारीक, पांढरे जीव पळत होते. ते बुरशी चाटून जगणारे. त्यांच्यावरही मी छोटंसं भाषण दिलं. मागच्या दाराच्या चौकटीला मातीची नळी चढलेली होती. ती वाळवी. जोंधळ्याच्या पोत्यात सोंडे. आत्तींना यांतलं निम्मं माहीत होतं, पण मी सांगितल्यावर त्या नाक मुरडून "आसंल" म्हणायच्या.

खऱ्या कसरीची ओळख सोपी. पंख नाहीत. डोक्याकडं रुंद, शेपटीकडं निमुळती, मागं तीन लांब केस आणि पुढं दोन मिशा. चिमटीत धरली तर बोटाला चंदेरी भुकटी लागते. आणि चाल माशासारखी, वळत वळत. तिला आवडतं ते पीठ, खळ, डिंक. कापड कुरतडत नाही ती, खरवडते. म्हणून आधी कापड विरल्यासारखं दिसतं आणि मग भोक पडतं. उंदरानं खाल्लं तर चिंध्या होतात, वाळवीनं खाल्लं तर माती राहते. कसरीनं खाल्लं तर फक्त कमी होतं.

तिला पकडायची युक्ती मला प्राध्यापकांनी सांगितलेली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, बाहेरून कापडाची पट्टी गुंडाळली, आत चिमूटभर कणीक टाकली. कसर कापडावरून चढून आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही. चार बरण्या लावल्या: एक स्वयंपाकघरात, एक देवघरात, एक माझ्या खोक्यांत आणि एक अंथरुणांच्या चवडीखाली. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी बरण्या बघायचे. सहाव्या दिवशी हिशेब असा झाला: स्वयंपाकघरात एकही नाही, देवघरात एक, खोक्यांत दोन आणि चवडीखाली चौदा.

माझं काळीज नाचायला लागलं. मी चवड उपसली. तळाची वाकळ उलटी केली आणि शिवण जिथं थोडी उसवली होती तिथं बोट घालून उघडलं. आत चकाकत पळापळ झाली. इरकलीच्या आतल्या बाजूला खळ जिथं जिथं जाड बसली होती, तिथं कापड पार जाळीदार झालेलं. मी आत्तींना हाक मारली. हाकेत जो आनंद होता तो मला आजही ऐकू येतो आणि लाज वाटते.

"हे बघा. घर इथं आहे तिचं. खळ दिलेलं कापड, ओलीची भिंत, आणि कधी धुणं नाही. इथनं ती लुगड्यात गेली आणि माझ्या पुस्तकांतही गेली. उलट मीच तुम्हाला विचारायला पाहिजे, की माझ्या पुस्तकांचं काय."

जत्रेत गर्दी दिसली म्हणून ती माणसं तिथंच जन्मली असं कुणी म्हणत नाही. कसरीला जिथं ताट वाढलेलं आहे तिथं ती जाणारच. ती मुळात आली कुठून, याचं उत्तर बरणी देत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी उत्तर बरोबर लिहिलं असतं. पण ते घर होतं, परीक्षा नव्हती, आणि मला जिंकायचं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं रिकामं दुसऱ्याचंच व्हायचं होतं.

आत्ती खाली बसल्या. वाकळीवरून त्यांनी हात फिरवला. म्हणाल्या, "मग आता?"

"ही घरात आहे तोवर कसर जाणार नाही."

"धुतली तर?"

खरं म्हणजे कडक उकळत्या पाण्यात घातली असती, चार दिवस उन्हात वाळवली असती, तर भागलं असतं. मला ते माहीत होतं. पण सहा दिवसांचा राग माझ्या जिभेवर बसला होता. मी म्हटलं, "चार थर आहेत आत्ती. अंडी कुठल्या थरात आहेत कुणाला ठाऊक. घालवायलाच पाहिजे."

आत्तींनी वाकळीची उसवलेली शिवण बोटांनी दाबून धरली. मग एकदम हळू आवाजात, जो मी त्यांचा आधी ऐकला नव्हता, त्यांनी विचारलं, "मातीत पुरू का? मळ्यात?"

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. सासऱ्यांनाही तसंच ठेवलेलं होतं. त्या काय विचारत होत्या ते मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. तरी माझ्या तोंडून आलं, "मातीत पुरली तर वाळवी येईल. एक कीड घालवायला दुसरी बोलवायची का? जाळायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तींनी कात्री घेऊन वाकळ उसवायला घेतली. एवढी जाड वाकळ एकदम पेटवता येत नाही. त्यांनी तिचे तुकडे केले आणि परड्यातल्या बंबात चिपाडांबरोबर एकेक घालत गेल्या. पहिल्या दिवशी खालच्या अंगाचं लुगडं आणि थोडी इरकल गेली. धूर वेगळाच येत होता, पेज भांड्याच्या बुडाला लागल्यासारखा. मधल्या थरातलं धोतर त्यांनी काढून नीट घडी केलं आणि चौरंगावर बाजूला ठेवलं. त्याला काही झालेलं नव्हतं. धोतराला त्यांनी कधी खळ दिली नव्हती, कारण सासऱ्यांना कडक कापड टोचायचं. बंबातल्या त्या पाण्यानं आम्ही तिघांनी आंघोळी केल्या.

जाळायला घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती दळण आणायला गेल्या होत्या. नवऱ्यानं मला एक जुनं कपाट रिकामं करून दिलं होतं, पुस्तकांसाठी. मी विजयी वीरासारखी खोकी उघडली. वरची पुस्तकं झटकून लावली. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी कॉलेजची जर्नल होती. ती उचलली आणि हातातच राहिली. झुरळाच्या आकृतीच्या पानावर कागदाची एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि झुरळाचे मागचे दोन पाय त्या पट्टीवर काढलेले होते.

ते पाय मीच काढले होते. जर्नल तपासायला द्यायची होती त्या सकाळी ते पान विरलेलं दिसलं होतं. घाईत मी ताटातलं भाताचं शीत घेतलं, पट्टी चिकटवली आणि पाय परत काढून दिले. कॉलेजच्या बाईंनी त्या आकृतीला शाबासकीही दिली होती. मी पट्टी सोलली. खाली तेच, खरवडलेलं, जाळीदार. शीत लावलेलं होतं तेवढ्याच जागेवर तर पार आरपार गेलेलं. खोक्याच्या तळाला माहेरचा पेपर अंथरलेला होता, त्याच्या कडांची लेस झाली होती, आणि घडीत कसरीच्या कितीतरी वाळक्या काती पडल्या होत्या, पांढऱ्या, पातळ. चार महिन्यांत एवढं होत नाही. कसर सावकाश वाढते. ही जयसिंगपूरहून माझ्याबरोबर टेम्पोत बसून आली होती, आणि इथं आल्यावर शेजारच्या बाकड्यावर तिला खळीचं पक्वान्न मिळालं होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मी जर्नल मिटली. उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. परड्यात गेले, बंबाची राख बघून आले. आत आले. चौरंगावर धोतर होतं. पांढरं, घडी केलेलं, त्याच्यावर आत्तींनी कात्री ठेवली होती उडू नये म्हणून. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. आत्ती दळण घेऊन दारात आल्या तेव्हा ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. त्यांनी डबा खाली ठेवला, हुश्श केलं आणि विचारलं, "लावली का पुस्तकं?"

मी म्हटलं, "लावली."

भीती होतीच, खोकी जातील, बी.एड. जाईल, "मी म्हटलंतं की" असं जन्मभर ऐकावं लागेल. पण खरं कारण तेही नव्हतं. जिंकलेलं परत द्यायला मला जमेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्तींनी धोतर बंबात घातलं. घालताना त्यांनी ते एकदा तोंडाशी धरलं. मी मोरीच्या दारात बादली घेऊन उभी होते. माझी आंघोळ पहिली होती.

पुढचे आठ दिवस मी गुपचूप सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात घातली, एकेक पान पुसलं, दोन्ही खोकी आत्ती देवळात गेल्या असताना चुलीत घातली. भिंतीला चुना दिला. महिन्याभरात कसर दिसेनाशी झाली. झालं, सिद्धच झालं! आत्तींनी गल्लीभर सांगितलं, "वाकळ जाळली आन कसर गेली. आमच्या सुनंनं वळखली. शिकलेली हाय पोरगी." ज्या तोंडानं त्या मला रद्दीत घालणार होत्या त्याच तोंडानं माझी जाहिरात सुरू झाली. बी.एड.लाही त्यांनीच नवऱ्याला सांगितलं, "जाऊं दे की तिला. डोकं हाय तिला."

आणि मग बायका यायला लागल्या. काडेपेटीत, औषधाच्या बाटलीत, पदराच्या गाठीत बांधून किडे आणायच्या. आत्ती पायरीवर बसून त्यांना आत पाठवायच्या. एकीनं चपटा झालेला ढेकूण आणला, एकीनं डाळीतली पोरकिडी. एकीनं आठ दिवस जपून ठेवलेला किडा माझ्या हातावर ठेवला तो मनुक्याचा देठ निघाला. कुणाच्या लाकडी कपाटातून पिवळी भुकटी गळायची, कुणाच्या फोटोच्या काचेआड कसर शिरायची. मी सांगायचे आणि बरोबर सांगायचे. त्यात खोट नव्हती. पण दर वेळी आत्ती मागून वाकळीची गोष्ट लावायच्या. "मी काय केलं ठावं हाय का? त्यांचं धोतर हुतं आत, तरी बंबात घातलं. हिनं सांगितलं म्हून." ही गोष्ट सुरू झाली की मी चहा ठेवायला उठायचे. आमच्या घरी आलेल्या बायकांनी एवढा चहा प्यालाय की विचारू नका.

वर्षं गेली. मी शाळेत लागले, सातवी-आठवीला विज्ञान शिकवायला लागले. दोन हजार साल येऊन गेलं, मागचा ऊस जाऊन तिथं बंगले झाले, बंब जाऊन गीझर आला. मी सांगून टाकायचं अनेकदा ठरवलं. पण एवढ्या वर्षांनी काढायचं म्हणजे कुठल्या दिवशी काढायचं? कुठल्याच दिवशी निमित्त नसायचं. साप गेल्यावर भुई धोपटण्यात काय अर्थ, असं मी मला समजवायचे, आणि समजूत पटायची नाही म्हणून घरातली कपाटं उपसत बसायचे.

एका उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असताना दुपारी समोरच्या घरातली बाई आली. तिचा बाप मेंढरं राखायचा, दोन महिन्यांपूर्वी गेला होता. तिच्या वाट्याला त्याचं घोंगडं आलं होतं. ते तिनं आमच्या बाहेरच्या सोप्यात उलगडलं. काळं, खरबरीत, अजून मेंढरांचा वास असलेलं. त्यावर ठिकठिकाणी वाटोळी भोकं. ती काही बोलायच्या आत आत्ती म्हणाल्या, "कसर. जाळून टाक."

"आवो, बाचं हाय माज्या."

"मग? माजं न्हवतं व्हय? नवऱ्याचं धोतर घातलं मी बंबात. मन घट्ट कर. एक डाव रडशील. ठेवलंस तर घरभर हुईल. इचार हिला."

ती बाई माझ्याकडं बघायला लागली. मी घोंगडं हातात घेतलं. भोकं वाटोळी होती, कडा साफ, आणि लोकरीत रेशमाच्या बारीक नळ्या अडकलेल्या. कसर नव्हे. लोकर खाणारा पतंग. ऊन, झटकणं आणि गरम पाणी, एवढ्यानं जाणारा. मी तिला तसं सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी घोंगडं वाचलं असतं. पण आत्ती म्हणाल्या, "उन्हानं जातंय व्हय? मग तवा मला का न्हाई सांगितलंस?" त्यांनी ते सहज विचारलं. त्यात संशय नव्हता, म्हणून मला उत्तर चुकवता येईना.

मी घोंगडं मांडीवरच धरून म्हटलं, "तेव्हाही गेलं असतं आत्ती. वाकळ जाळायची गरज नव्हती. आणि कसर वाकळीतली नव्हतीच. माझ्या खोक्यातनं आलेली. तुम्ही म्हणालात तसंच होतं."

समोरची बाई एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. आत्ती ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसले. कानडी ऐकायची तयारी होती माझी. त्या ओरडल्या नाहीत.

"कवा कळलं तुला?"

"तेव्हाच. दुसऱ्या दिवशी. तुम्ही दळणाला गेला होता."

आत्तींनी बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "दुसऱ्या दिवशी. म्हंजे धोतर हुतं."

"होतं."

"चौरंगावर."

"हो."

"आन तू बगितलंस."

मी मान हलवली. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं, जशी मी काडेपेटीतल्या किड्याकडं बघते. मग हात टेकून उठल्या. घोंगडं माझ्या मांडीवरून घेतलं, त्याची घडी केली आणि समोरच्या बाईच्या हातात दिलं. "उठ. गच्चीवर घाल. ऊन हाय तवर घाल." ती गेली. आत्ती आत जाऊन आडव्या झाल्या. त्या दिवशी चहा मी कुणालाच केला नाही.

दहाबारा दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मीठ संपलंय, दूध आलंय, एवढंच. नवऱ्याला काही कळलं नाही, त्याला कधी कळायचं? मला वाटलं आता दारात कुणी काडेपेटी घेऊन येणार नाही, आणि तेच बरं. मग एका सकाळी पायरीवर आवाज आला. गल्लीत नवीन राहायला आलेली एक बाई विचारत होती, "किडं वळखत्यात त्या बाई हितंच राहत्यात का?"

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात थांबले.

आत्ती म्हणाल्या, "व्हय, हितंच. जा की आत. तिला सगळं कळतंय." मग थोडं थांबून, तशाच मोठ्या आवाजात, मला ऐकू जाईल असं, "पण दोनदा इचार."

ती बाई हसली. आत्ती हसल्या नाहीत.